परतलेले वजन

वागळे इस्टेटमध्ये यंत्रांच्या जागी आता अनेक ठिकाणी संगणकापुढील बैठे काम आले आणि पोटाचा घेर चिंतेचा विषय झाला. कोणी पोळी-भात वर्ज्य करून वजन घटवितो. पुन्हा जेवू लागताच चार दिवसांत किलो-दीड किलो परत येते आणि निराशेने तो सारा संयमच सोडतो. ही निराशा अनाठायी आहे. यकृत व स्नायू पिष्टान्नातील साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवितात; तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी राहते. आधी जाते ते मुख्यतः हे पाणी, आणि परतते तेही तेच. एक किलो चरबी वाढण्यास मात्र सुमारे ७,७०० कॅलरी अधिक खाव्या लागतात. म्हणून चार दिवसांच्या काट्यावरून निकाल देऊ नये. भाकरी बेताने खावी, चालणे सोडू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.