चिंताशामक गोळ्या थांबविताना : निर्णय, रीत आणि कुटुंबाची साथ

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेक रुग्णांच्या पिशवीत मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर आणखी एक लहानशी गोळी आढळते. ती कशाची, असे विचारल्यास कोणी ‘झोपेची’ म्हणतो, कोणी ‘टेन्शनची’, तर खेड्यातील एखादी आजी अहिराणीत ‘जीव घाबरस’ एवढेच सांगते. गोळी कोणी, केव्हा व किती दिवसांसाठी दिली होती हे बहुधा कोणाच्याच स्मरणात नसते. पती निवर्तल्यावर, कपाशीचे पीक हातचे गेल्यावर, लेक सासरहून परत आल्यावर किंवा सुरतेस रात्रपाळी सुरू झाल्यावर ती सुरू झालेली असते. दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी मग वर्षानुवर्षे चालते. पुढे केव्हातरी घरातील एखादा शिकलेला तरुण त्या गोळीविषयी काही वाचतो आणि ‘ही तर व्यसनाची गोळी’ म्हणून पट्टी केरात टाकतो. जुन्या चिठ्ठीवर गोळी चालू ठेवणे रुग्णाच्या हिताचे नाही, हे खरेच. परंतु ती एका दिवसात बंद करणे त्याहून तातडीने घातक ठरू शकते. आमचे हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापर्यंत ही दुसरी गोष्ट पोहोचावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

या गोळ्या बेंझोडायझेपीन या वर्गातील आहेत. हॉफमन-ला रोश या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने या वर्गातील पहिले औषध शोधून काढले. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. आपल्याकडे डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने इतके परिचित झाले की मागील पिढीत झोपेच्या कोणत्याही गोळीस काम्पोजच म्हणत. आज अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम व लोराझेपाम अधिक प्रमाणात दिली जातात. योग्य रुग्णास, योग्य वेळी, थोड्या दिवसांसाठी दिल्यास ही औषधे उत्तम काम करतात. फिट थांबविण्यासाठी तर डायझेपाम, लोराझेपाम व मिडाझोलाम यांचा मोठाच आधार असतो. तेव्हा हे औषधच वाईट, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही.

अडचण निर्माण होते ती दीर्घ वापराने. मेंदूतील चेतापेशींना शांत ठेवणारे ‘गाबा’ नावाचे एक नैसर्गिक रसायन असते, त्याचा प्रभाव ही गोळी वाढविते. बाहेरून रोज असा आधार मिळू लागला की काही आठवड्यांत मेंदू त्याला सरावतो व त्याची स्वतःची आवर घालण्याची शक्ती मंदावते. अशा वेळी आधार एकदम काढून घेतल्यास चेतापेशी अनावर होतात. छातीत धडधड, हातापायांना कंप, घाम, निद्रानाश, प्रकाश व आवाज सहन न होणे, आणि गंभीर प्रसंगी भ्रम किंवा फिट, अशी लक्षणे दिसू लागतात. अल्प्राझोलामसारखे औषध शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपामसारख्या दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या औषधाचा त्रास आठवडाभरानेही उद्भवू शकतो. गोळी बंद करून आठ दिवस लोटल्यामुळे त्या त्रासाचा गोळीशी संबंध असेल असे घरच्यांच्या मनातही येत नाही.

या परिणामाचे ठळक उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाबाद परिसरात व तेलंगणाच्या अन्य काही भागांत ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम व क्लोरल हायड्रेट मिसळण्याचा गैरप्रकार अनेक वर्षे चालत आला आहे. ती ताडी पिणाऱ्या मजुरास आपण औषधावर अवलंबून आहोत याची कल्पनाही नसते. २०१५ साली तेथे भेसळीविरुद्ध कारवाई झाली तेव्हा, आणि २०२० साली टाळेबंदीत ताडीची दुकाने बंद पडली तेव्हा, कंप, भ्रम व फिट घेऊन लोक रुग्णालयांत येऊ लागले. हैदराबादच्या एर्रगड्डा येथील मनोरुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली होती. कारवाई योग्यच होती, मात्र शरीराला सावरण्यास वेळ मिळाला नाही. घरातील पट्टी रागाच्या भरात फेकली जाते तेव्हा लहान प्रमाणावर हेच घडत असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळ्या ‘कुत्ता गोली’ या नावाने नशेसाठी चोरून विकल्या जातात व त्यावर पोलीस कारवाई होते, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. अशा बातम्या वाचून आमच्याकडील साठ-पासष्ट वर्षांच्या मातोश्री गोळीचे नाव सांगताना संकोचतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या व्यक्तीचे शरीर त्या गोळीवर अवलंबून राहू लागले, तरी त्यामुळे ती व्यक्ती व्यसनी ठरत नाही. तिला ‘मनाचा निग्रह कर’ असा उपदेश करणे हे मधुमेह्यास निग्रहाने साखर उतरव म्हणण्यासारखे आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम इत्यादी औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत असून, औषध दुकानदारास रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेल्या औषधाचे प्रमाण नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो ती यासाठी. त्यात रुग्णाचा अपमान नाही.

मग गोळी थांबवावी की नाही, हे कसे ठरवावे? आमच्या मते पहिला प्रश्न ‘ही गोळी आज कशासाठी चालू आहे’ हा असावा. रुग्णास अपस्मार असेल आणि क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम फिटसाठी दिलेले असेल, तर त्याला हा लेख लागू नाही. त्याने आपल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून अर्धी गोळीही कमी करू नये. गर्भवती, पूर्वी कधी फिट आलेले, नियमित मद्यपान करणारे व ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात असे रुग्ण यांच्याबाबत निर्णय अधिक सावधपणे, प्रसंगी रुग्णालयात दाखल करूनच घ्यावा लागतो. याउलट, वयोवृद्ध रुग्णांत थांबविण्याची कारणे प्रबळ असतात. रात्री लघवीस उठताना तोल जाऊन पडणे, मांडीचे हाड मोडणे, दिवसा गुंगी, विसराळूपणा हे सारे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते आणि त्यामागे उशाजवळची गोळी असू शकते.

वेळेचीही निवड करावी लागते. घरात लग्नकार्य आहे, कापूस वेचणीची घाई आहे किंवा नुकतेच कोणी दगावले आहे, अशा दिवसांत आरंभ करू नये. दोन महिने उशीर झाल्याने फारसे बिघडत नाही. रुग्णाची स्वतःची इच्छा मात्र हवी. त्याला न सांगता चिरंजीवांनी परस्पर गोळी बदलल्यास विश्वास जातो आणि पुढचा मार्ग कठीण होतो.

मात्रा कमी करण्याच्या रीतीविषयी प्रा. हेदर ॲश्टन यांचे नाव आदराने घेतले जाते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी केवळ या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी दवाखाना चालविला. रुग्णाच्या गतीने आणि अतिशय सावकाश मात्रा उतरवावी, गरज पडल्यास लवकर ओसरणाऱ्या औषधाच्या जागी दीर्घकाळ टिकणारे डायझेपाम द्यावे, ही त्यांची पद्धती होती. अमेरिकेतील व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने अन्य वैद्यकीय संस्थांच्या साहाय्याने २०२५ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये.

हे टक्के प्रत्यक्ष गोळीत उतरविणे वाटते तितके सोपे नाही. समजा, एखादी व्यक्ती रोज १ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम घेते. आपल्याकडे सहज मिळणारी लहान गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, तिचा अर्धा भाग म्हणजे ०.१२५. एवढी एक पायरी उतरल्यास पहिली घट साडेबारा टक्क्यांची होते. ०.२५ वरून ०.१२५ वर येताना मात्र तीच पायरी पन्नास टक्क्यांची ठरते! ‘आता चिमूटभरच उरली आहे, टाका सोडून’ असे शेवटच्या टप्प्यावर सर्वांनाच वाटते आणि तेथेच घसरण होते. शेवटच्या पायऱ्या म्हणून अधिक लहान करून घ्याव्या लागतात व त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो. या उदाहरणात आठ पायऱ्या आहेत; प्रत्येकीस दोन ते चार आठवडे धरले तरी चार ते साडेसात महिने लागतील, कित्येकांस वर्षही लागते. हा हिशेब केवळ समजण्यासाठी दिला आहे, तो चिठ्ठी म्हणून वापरू नये. वृद्धांच्या शरीरात डायझेपाम साठून राहते, त्यामुळे औषध बदलण्याचा निर्णयही डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्ती पुष्कळजण सुचवितात. ती टाळावी. एक दिवस औषध पूर्ण आणि दुसऱ्या दिवशी शून्य, अशा हेलकाव्याने त्रासच वाढतो. रोजची वेळ तीच ठेवून रोजची मात्रा किंचित कमी करणे हेच योग्य होय.

आपल्या देशात आणखी एक गुंतागुंत आहे, ती संयुक्त गोळ्यांची. एकाच गोळीत क्लोनाझेपाम व एस्सिटालोप्राम, किंवा अल्प्राझोलाम व प्रोप्रॅनोलॉल एकत्र असतात. अशी गोळी निम्मी केली की दोन्ही औषधे निम्मी होतात. पैकी दुसरे औषध अनेकदा चालूच ठेवावयाचे असते, आणि प्रोप्रॅनोलॉल तर एकदम थांबविणे हृदयास अपायकारक ठरू शकते. पोटाच्या तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतही क्लोरडायझेपॉक्साइड असते, हे ऐकून रुग्ण चकित होतात. प्रथम ही औषधे सुटी करून घ्यावी लागतात. ज्या गोळीतून औषध हळूहळू सुटते, ती तर तोडूच नये.

मात्रा कमी केल्यावर काही दिवस झोप उडणे, चिडचिड, अंगात मुंग्या येणे साहजिक आहे. गोळी कमी केल्यावर थोड्याच दिवसांत उद्भवणारा आणि हळूहळू ओसरणारा त्रास बहुधा औषध उतरण्याचा असतो. दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात, सावकाश वाढत जाणारी व न ओसरणारी चिंता मूळ आजाराची असू शकते, तिच्यावर वेगळे उपचार आहेत. त्रास अधिक वाटल्यास आहे त्याच पायरीवर थांबावे. थांबणे हे अपयश नव्हे. मात्र फिट, भ्रम, नसलेले दिसणे किंवा जीव नकोसा होणे यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात आणावे.

कुटुंबीयांना आमची विनंती अशी की, पट्टी एका व्यक्तीच्या ताब्यात असावी, दिनदर्शिकेवर रोजची मात्रा लिहावी आणि रुग्णाच्या वाईट रात्रीची चर्चा सकाळी चारचौघांत करू नये. झोपेसाठी गोळीऐवजी दारूचा घोट देणे हा आपल्या भागात सर्रास ऐकू येणारा सल्ला आहे. गोळी आणि दारू एकत्र झाल्यास श्वास मंदावतो, आणि गोळीची जागा दारूने घेतल्यास एक अवलंबन जाऊन दुसरे येते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः झोप न झालेल्या दिवशी, मोटारसायकल व ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्यावा.

आता विश्वस्त व देणगीदार यांच्यासाठी थोडेसे. शस्त्रक्रियांची संख्या अहवालाच्या तक्त्यात शोभून दिसते. एखाद्या आजींची गोळी सात महिन्यांत सुटली, याला तक्त्यात रकाना नसतो. त्या कामी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो वेळ आणि दर पंधरवड्यास पंधरा मिनिटे शांतपणे ऐकून घेणारा माणूस. छापील पत्रकाचाही उपयोग होतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या ३०३ वृद्धांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना धोके व हळूहळू कमी करण्याची रीत सांगणारी पुस्तिका दिली गेली, त्यांपैकी २७ टक्के सहा महिन्यांत गोळीमुक्त झाले. न दिलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. मोठ्या अक्षरांतील अशी मराठी पुस्तिका आणि समुपदेशकाचे मानधन, या दोन बाबींकडे देणगीदारांनी लक्ष द्यावे, असे आम्ही सुचवितो.

खानदेशात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. पारोळ्याहून मानसोपचार विभागासाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. प्रवास शक्य नसल्यास ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. आमच्याकडे प्रथम येताना घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, आणि सापडतील तितक्या जुन्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात. त्या दिवसाची नेहमीची मात्रा मात्र घेऊनच यावे.