रुग्णशय्येवरील अध्ययन

चेन्नईजवळील आवडी येथील अवजड वाहन कारखान्यात बदलून आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलास चेन्नईतील अड्यारच्या, १९५४ साली स्थापन झालेल्या कर्करोग संस्थेत दीर्घकाल उपचार घ्यावे लागले, तर शाळेतील हजेरी खंडित झाली तरी अध्ययन खंडित होऊ नये, यासाठी ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ हे सरकारी अ‍ॅप खचितच उपयोगी आहे. पुस्तक एनसीईआरटीचे असो वा बालभारतीचे, त्यातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की पाठाचे साहित्य उघडते, आणि आगाऊ उतरवून ठेवल्यास इंटरनेटवाचूनही पाहता येते. पांढऱ्या पेशी घटल्याने संसर्गभयास्तव वर्ग वर्ज्य झालेल्या बालकास ही सोय किती मोलाची! मात्र शिक्षकाची जागा ती घेऊ शकत नाही; म्हणून पालकांनी शाळेचा दाखला काढण्याची घाई न करता मुख्याध्यापकांस आजाराची लेखी वर्दी अवश्य द्यावी.