धमनी म्हणजे नळ नव्हे

धमनीकाठिण्याविषयी सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की, पाण्याच्या बंबात क्षार धरावा तशी धमनीत चरबी चिकटत जाते आणि वाट बुजली की हृदयविकाराचा झटका येतो. वस्तुस्थिती अशी की, हा साठा धमनीच्या पोकळीत नव्हे, तर तिच्या भिंतीत वाढतो आणि तो घडवण्यात जिवंत पेशींचाच हात असतो.

धमनीला आतून एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते, जे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करून वाहिनी सैल राखते. जेथे धमनीला फाटे फुटतात तेथे प्रवाह विस्कळीत होऊन हे अस्तर दुबळे पडते आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल हे कण आत शिरून भिंतीतील प्रथिनांच्या जाळ्यात अडकतात. तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की अस्तरावर चिकट रेणू उगवतात, त्यांना धरून रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आत उतरतात आणि भक्षक पेशी बनून ते कण गिळू लागतात. एरवी पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ते आत घेणारे ग्राही रेणू कमी होतात (या ग्राहींच्या शोधासाठी ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल मिळाले). भक्षक पेशींच्या सफाई करणाऱ्या ग्राहींना मात्र असा आवर नसतो, म्हणून ती पेशी खातच राहते, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाने भरल्यासारखी दिसू लागते आणि अखेर तेथेच मरते. ही सारी प्रक्रिया म्हणजे दाहच आहे: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस चाचणीत, एलडीएल न घटवता केवळ दाह शमवणाऱ्या औषधानेही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या.

नाचणीतले किंवा दुधातले कॅल्शियम धमनीत जाऊन बसते, हा समजही चुकीचा आहे, कारण भिंतीतील स्नायुपेशीच हाडे घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि क्षार जमवतात.

‘ब्लॉकेज किरकोळ आहे’ हा दिलासाही फसवा ठरू शकतो. साठ्यावरील तंतुमय आवरण पातळ होऊन फाटले की काही मिनिटांत गुठळी होते, मग पूर्वी वाट किती अरुंद होती याला फारसा अर्थ उरत नाही.

हा म्हातारपणाचा रोग आहे, हा गैरसमज तर बेंगळुरूनेच खोडून काढला आहे. तेथील जयदेव हृदयरोग संस्थेला चाळिशीच्या आतील रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागली, आणि तीत तंबाखू हे ठळक कारण दिसले. बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासातही दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, म्हणजे साधारण ५३ व्या वर्षी, आल्याचे आढळले.

ज्या घरात वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल, त्या घरातील तरुणांनी चाळिशीची वाट न पाहता विशीतच आपले एलडीएल तपासून घ्यावे.