चार चिंचोके आणि अर्धा तास



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा होईपर्यंत एका ताईंचा पाच वर्षांचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. ताई कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, ह्याला पन्नासपर्यंत अंक येतात." त्याने घडाघडा म्हणूनही दाखवले. ओसरीवर चिंचोके वाळत घातले होते. मी म्हटलं, "मला यातले सात दे बरं." त्याने मूठ भरली आणि माझ्या हातात ओतली. मोजले तर अकरा निघाले.

मुलगा हुशारच आहे. पण अंक म्हणणं वेगळं आणि वस्तू मोजणं वेगळं. अंक ऐकून ऐकून पाठ होतात. मोजणं मात्र एकेका वस्तूला बोट लावल्याशिवाय येत नाही. ही सवय घरच्या घरी लावायची असेल तर खेळाच्या पटासारखं दुसरं सोपं साधन नाही.

तुम्ही म्हणाल, शेत, गुरं, स्वयंपाक, यात खेळायला वेळ कुठाय? खरं आहे. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, जेवणं उरकल्यावर, फक्त अर्धा तास मागते.

पट विकत आणायची गरज नाही

सापशिडी किंवा लुडो घरात असेल तर उत्तमच. नसेल तर आपला चल्लस-आठ आहे. काही भागात यालाच चौकाबारा म्हणतात. फरशीवर खडूने ५ बाय ५ अशी २५ घरं काढा. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधोमध असलेल्या घरावर फुली मारा. चार चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करा. झाला खेळ तयार.

चिंचोके टाकायचे आणि जितके पांढरे पडतील तितकी घरं सोंगटी सरकवायची. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं. आपल्या फुलीपासून निघून बाहेरची १६ घरं फिरायची, मग उलट दिशेने आतली ८ आणि शेवटी मधल्या घरात जायचं. सोंगटी म्हणून खडा, बटण, मक्याचा दाणा, काहीही चालतं.

वयाप्रमाणे खेळ

३ ते ४ वर्षं: यांना पूर्ण पट नको. चिंचोके टाकू द्या आणि किती पांढरे पडले ते बोट लावून मोजू द्या. एका ओळीत १ ते १० घरं काढून त्यावर खडा सरकवला तरी पुष्कळ.

५ ते ६ वर्षं: प्रत्येकाला एकच सोंगटी. मारामारी नको, जो आधी पोचला तो जिंकला.

७ च्या पुढे: चारही सोंगट्या आणि मारायचा नियमही. आता कुठली सोंगटी पुढे न्यायची याचा विचार करावा लागतो. हातात आलेले पैसे आधी बियाण्याला की आधी हप्त्याला, असा विचार आपण करतो ना, तसाच.

तीन वर्षांखालचं लेकरू जवळ असेल तर चिंचोके तोंडात किंवा नाकात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा.

मोजताना होणारी चूक

बहुतेक मुलं ज्या घरात सोंगटी उभी आहे तिथूनच 'एक' म्हणायला सुरुवात करतात. लगेच हात धरून सोंगटी आपण सरकवू नका. म्हणा, "इथे तू आधीच आहेस. पुढच्या घरात पाय टाकलास की एक." दोन-चार डावांत ते आपोआप जमतं.

१ ते १० च्या ओळीवर खेळताना मात्र त्या घरातला अंक मोठ्याने म्हणायला लावा. खडा ४ वर असेल आणि दोन पडले तर "पाच, सहा" असं. गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना असा खेळ दिला होता. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं, एवढंच खेळून मुलं मोजण्यात, अंक ओळखण्यात आणि कुठला अंक मोठा हे सांगण्यात पुढे गेली. ज्यांच्या पटावर अंकांऐवजी नुसते रंग होते, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही.

हरल्यावर

मूल रडेल, पट पुसूनही टाकेल. त्याला चिडवू नका आणि दर वेळी मुद्दाम हरूही नका. आपण हरलो की हसून म्हणा, "माझं आज काही खरं नव्हतं, उद्या बघू." हरल्यावर कसं वागायचं हे मूल आपल्याकडे बघूनच शिकतं.

आणि एक अवघड गोष्ट

एका घरी मी भाऊ-बहिणीसोबत पटावर बसले होते. ताईची पाळी आली तेवढ्यात आतून हाक आली, "पाणी आण गं." ती उठली. तिचा डाव भावाने खेळला. ती परत आली तेव्हा तिची सोंगटी मेलेली होती. ती काही बोलली नाही, आणि खरं सांगते, मीही बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

पाळी येईपर्यंत थांबायचं हे पटावर मुलगा शिकतो. आपलीही पाळी असते, हे मुलीला कोण शिकवणार? म्हणून अर्ध्या तासात तिला उठवू नका. पाणी लागलंच तर जवळ असेल त्याने घ्यावं. आणि मुलांच्या बाबांनाही पटावर बसवा. ते बसले की घरात कुणी खेळाला रिकामपणाचा उद्योग म्हणत नाही.

पुढच्या बैठकीला मी खडू घेऊन येते. तुम्ही घरातल्या आजींना विचारून या, त्यांच्या माहेरी चल्लसचे कुठले नियम होते. हप्ते जमा झाले की एक डाव आपलाही होऊ दे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक