खिशातील रोजनिशी

मधुमेह हा बहुधा जन्मभराचा सोबती. डॉक्टरांची भेट काही मिनिटांची. बाकीचे दिवस रोग्याच्याच हाती. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून त्यांना चिकटलेली साखर मोजणारी एचबीए१सी तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. परंतु कोणत्या दिवशी काय साधले, काय बिघडले, हे तिच्यातून कळत नाही. ते मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये रोज टिपता येते. मात्र केवळ चुकाच टिपल्या, तर माणूस खचतो. म्हणून पहाटे उठण्याची सवय, हिशेबाची शिस्त, सोबत फिरायला येणारा शेजारी, ही आपली बलस्थानेही तेथे लिहावीत. कोणत्या बळावर साखर आटोक्यात राहिली हे उमगले, की पुढची वाट सापडते. यंत्र आठवण करून देईल. पाऊल मात्र आपणच उचलायचे!