पुस्तकातील काळा-पांढरा चौकोन

मुलांनो, तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानावर आणि पाठांच्या कडेलाही एक लहानसा काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. प्रथमदर्शनी तो एखाद्या बिघडलेल्या शब्दकोड्यासारखा दिसतो. परंतु मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरताच पडद्यावर त्या पाठाची चित्रे हलू लागतात आणि कोणी शिक्षक बोलू लागतात. या चौकोनास ‘क्यूआर कोड’ म्हणतात. चटकन उत्तर देणारी खूण, असा त्या नावाचा अर्थ. भाजीच्या गाडीवर पैसे चुकते करण्यासाठी टांगलेला चौकोन तुम्ही पाहिला असेल. तो याचाच भाऊ.

ही खूण शाळेसाठी निर्माण झाली नाही. ती जन्मली जपानमध्ये, मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या एका उद्योगात. तेथे मालाच्या खोक्यांवर उभ्या काळ्या रेघांच्या पट्ट्या चिकटवीत. साबणाच्या किंवा बिस्किटांच्या वेष्टनावर तशा पट्ट्या आजही असतात. एका पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत. म्हणून एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि त्या एकामागून एक यंत्राला दाखविताना कामगार थकून जात. मासाहिरो हारा या अभियंत्याने यावर उपाय शोधण्याचे मनावर घेतले. ‘गो’ नावाचा एक पटावरचा खेळ जपानमध्ये फार लोकप्रिय आहे. त्यात चौकटींच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडतात. हा खेळ पाहताना हारा यांना सुचले, की माहिती केवळ आडव्या दिशेने का मांडावी? आडवी आणि उभी, अशा दोन्ही दिशांनी मांडली तर थोड्या जागेत पुष्कळ मावेल! १९९४ साली ही खूण तयार झाली. सर्वांत मोठ्या चौकोनात ७,०८९ अंक मावतात. विशेष म्हणजे, तिचे हक्क आपल्याकडे असूनही त्या उद्योगाने ती सर्वांना विनामूल्य वापरू दिली.

आता चौकोनाकडे नीट पाहा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी आहेत. चौथ्या कोपऱ्यात मात्र तशी चौकट नाही. ही चूक नव्हे. या तीन चौकटींवरून यंत्राला खूण कोठे आहे ते कळते आणि रिकाम्या कोपऱ्यावरून तिची वरची बाजू कोणती तेही कळते. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. कोपऱ्यातील एखाद्या चौकटीच्या मध्यातून रेघ ओढा. तुम्हांला काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे पट्टे मिळतील आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण १:१:३:१:१ असे भरेल. हेच प्रमाण का निवडले असेल? हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मासिके, पत्रके, खोकी असे नाना प्रकारचे छापील साहित्य तपासले आणि त्यांत काळ्या-पांढऱ्याचे जे प्रमाण सर्वांत क्वचित आढळले, तेच उचलले. त्यामुळे आजूबाजूला कितीही मजकूर असला तरी यंत्र फसत नाही. एवढ्याशा खुणेमागे केवढी चिकाटी!

याहून नवलाची गोष्ट अशी, की चौकोनाचा काही भाग पुसला गेला तरी तो वाचता येतो. हे कसे घडते, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, मी तुम्हांला ७, ४ आणि ९ हे अंक चिठ्ठीवर लिहून पाठविले आणि शेवटी त्यांची बेरीज २० हीही लिहिली. वाटेत पाऊस लागून ४ हा अंक पुसला गेला. तुम्ही काय कराल? वीसातून सोळा वजा कराल आणि हरवलेला चार परत मिळवाल. क्यूआर कोडमध्येही मूळ माहितीसोबत अशी हिशेबाने काढलेली जादा माहिती भरलेली असते. तिचे गणित आपल्या बेरजेहून पुष्कळ अवघड आहे. पण तत्त्व हेच. ही जादा माहिती भरपूर ठेवली, तर सुमारे ३० टक्के मजकूर बिघडला तरी तो परत मिळविता येतो. कोपऱ्यातील चौकटी मात्र शाबूत हव्यात.

पण मग सबंध पाठ, त्यातील चित्रे आणि आवाज या इवल्याशा चौकोनात बसतात काय? नाही. येथेच बहुतेकांची समजूत चुकते. चौकोनात पाठ नसतो, पाठाचा पत्ता असतो. पाठ दूरच्या एका मोठ्या संगणकात साठविलेला असतो. मोबाइल पत्ता वाचतो, इंटरनेटच्या मार्गाने त्या संगणकाकडे मागणी करतो आणि पाठ आपल्याकडे येतो. पत्रावरील पत्ता कितीही सुवाच्य असला, तरी गावाला जाणारी वाटच नसेल तर पत्र पोहोचेल कसे? तसेच हे आहे.

जपानच्या कारखान्यातील खूण आपल्या पुस्तकांपर्यंत आली, तिच्या वाटेवर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी हे लहानसे गाव लागते. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली शिक्षक म्हणून आले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि तिला लागून गुरांचा गोठा होता. डिसले गुरुजींनी मुलांच्या पुस्तकांत असे चौकोन लावले. त्यांतून मुलांना कविता ऐकू येत, चित्रफिती दिसत आणि गृहपाठही मिळे. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. तिच्यातील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊ केला. दरम्यान, ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशातील शाळांसाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले होते आणि पाठ्यपुस्तकांतील चौकोन त्याच्याशी जोडले गेले.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपे लागली आणि या साधनांची खरी परीक्षा सुरू झाली. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी केवळ पंधरा कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. पत्ता सर्वांच्या हाती होता. वाट थोड्यांच्याच दारापर्यंत होती.

त्या दिवसांत मी गावी होतो. शेजारच्या घरात सहावीतील एक मुलगी आणि तिचे दोन भाऊ होते. घरात मोबाइल एकच, आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर शेतावर. सायंकाळी वडील परतले, की तिघे अंगणात त्या मोबाइलभोवती बसत. मुलीच्या पुस्तकातील चौकोनाच्या पोटावर शाईचा डाग पडला होता, तरी तो वाचला गेला. धाकट्याच्या पुस्तकातील चौकोनाचा कोपराच फाटला होता. तो काही केल्या वाचता येईना. मग मी त्याला चौकोनाखाली छापलेली सहा अक्षरे व अंक दाखविले. ती टंकून दिली की चौकोनाशिवायही पाठ उघडतो. गावात इंटरनेट भल्या पहाटे बरे चालत असे. म्हणून पाठ पहाटे उतरवून ठेवायचा आणि सायंकाळी इंटरनेटवाचून पाहायचा, असे आम्ही ठरविले.

एके दिवशी मुलगी अपूर्णांकांचा भागाकार पाहत होती. तीन भागिले एक द्वितीयांश बरोबर सहा, असे पडद्यावरील बाईंनी सांगितले. मुलीने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा ऐकली. बाईंनी तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात पुन्हा सांगितले. मुलीने आणखी एकदा ऐकले आणि मग ती माझ्याकडे वळली.

“गुरुजी, भागाकार केला तर उत्तर लहान यायला हवे ना? हे तिनाचे सहा कसे झाले? बाईंना विचारते आहे, पण त्या पुढेच जातात.”

चूल पेटलेली होती. मी तिच्या आईकडून तीन भाकरी मागून घेतल्या आणि मुलीपुढे ठेवल्या. “प्रत्येकाला अर्धी द्यायची आहे. किती जणांना पुरतील, ते बघ.”

तिने एकेक भाकरी मोडून ताटात मांडली आणि बोटांनी तुकडे मोजले. “सहा जणांना!” असे म्हणून ती हसली. भावांनी तोवर दोन तुकडे उचललेही होते. तिने मोबाइल पुन्हा पुढ्यात ओढला आणि बाईंचे पुढचे उदाहरण वहीत उतरवून घेऊ लागली.