पाणी मोजून घाला, सढळ हाताने मारा

श्रोतेहो, चंदगड, तिलारीनगर, आंबोली या पट्ट्यातून फिरलात तर एक गोष्ट नजरेत भरते. घर पक्क्या स्लॅबचे असते, पण स्लॅबच्या वर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रा घातलेला असतो. काहींनी तो काजू वाळवायला, लाकूडफाटा ठेवायला घातला असेल. पण बहुतेकांनी गळतीपायी घातला आहे. आयुष्याची कमाई ओतून स्लॅब टाकायचा आणि दोन-चार पावसाळ्यांतच त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, हे आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की कुणाला त्याचे नवलही वाटत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस, इंजिनिअर नव्हे. शब्दांच्या मागे जाता जाता या विषयापाशी आलो. 'इमारत' हा शब्द अरबीतून आला, 'गिलावा' फारसीतून. जुन्या चुन्याच्या कामात घालायची 'सुरखी'ही फारसीच. 'सुर्ख' म्हणजे लाल. भाजलेल्या विटांची ही लाल पूड चुन्यात मिसळली की गारा पाण्यातही घट्ट होई. आज सिमेंटच्या शास्त्रात जे नवे चालले आहे, त्याचा एक धागा थेट या सुरखीपाशी जातो. तिकडे शेवटी येऊ. आधी पाण्याचे बोलू.

सिमेंट वाळून घट्ट होते, हा आपल्याकडचा पहिला गैरसमज. सिमेंट वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन त्याचा दगड बनतो. या क्रियेला पन्नास किलोच्या पोत्यामागे जेमतेम अकरा-बारा लिटर पाणी लागते. त्याहून जास्त पाणी आपण घालतो ते माल हलवता यावा म्हणून. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे केसाहून बारीक पोकळ्या ठेवते. ताकद घटते ती या पोकळ्यांमुळे, आणि पाऊस झिरपतो तोही त्यांच्यातूनच. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हा नियम अमेरिकेतल्या डफ अब्राम्स यांनी १९१८ साली मांडला. शंभर वर्षे उलटली, तरी आपल्या साइटवर 'माल जरा पातळ कर रे' ही आरोळी थांबलेली नाही.

काँक्रीटसाठीची भारतीय मानक संहिता आय.एस. ४५६, सन २००० ची. तिने हवामानाप्रमाणे बांधकामाचे वर्ग पाडले आहेत. जोराच्या पावसात उघडे राहणारे आणि आलटून पालटून भिजणारे-वाळणारे काँक्रीट 'तीव्र' वर्गात बसते. म्हणजे आपल्याकडचे उघडे छज्जे, गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या पाहा. अशा सळईच्या कामाला किमान एम-३० दर्जा, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंटाचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, असे संहिता सांगते. म्हणजे पोत्याला साडेबावीस लिटर पाणी. यात वाळूतली ओलही धरायची. पोत्यामागे पंचाहत्तर किलो वाळू घेतली आणि तिच्यात पाच टक्के ओल असली, तर पावणेचार लिटर पाणी आधीच आत आले. शिवाय ओली वाळू फुगते. घमेल्याने मोजली तर वजनाला कमी भरते. चंदगडात आणि सोलापुरात एकाच मापाने माल कालवून चालत नाही, ते यासाठी.

इतक्या कमी पाण्यात माल सरकणार कसा, असे गवंडी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्यासाठी सुपरप्लास्टिसायझर नावाचे द्रव रसायन मिळते. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि पाणी आत कोंडून ठेवतात. हे रसायन कण सुटे करते. पाणी वीस टक्के किंवा त्याहूनही कमी करता येते आणि माल तरीही वाहता राहतो. मात्रा कंपनीच्या सूचनेप्रमाणे आणि आधी थोड्या मालावर पाहूनच ठरवावी; जास्त झाले तर खडी आणि गारा वेगळे होतात. व्हायब्रेटर मात्र सोडायचा नाही. काठीने कोचलेला कोपरा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा राहतो आणि सळईचा गंज तिथूनच सुरू होतो.

सळईला काँक्रीटच्या क्षारतेचे कवच असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पोकळ्यांतून आत शिरला की ते कवच हळूहळू जाते. मग ओल पोहोचली की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा मागतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. 'तीव्र' वर्गात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. सळईखाली खडीचा तुकडा सरकवून ते मिळत नाही. त्याला मापाचे कव्हर ब्लॉकच लागतात.

आता सिमेंटच्या प्रकाराकडे वळू. दुकानात हल्ली बहुधा पी.पी.सी. मिळते. त्यात औष्णिक वीज केंद्रांतली राख, म्हणजे फ्लाय अॅश, १५ ते ३५ टक्के असते. 'राखेची भेसळ' म्हणून काही जण नाक मुरडतात. पण सिमेंटच्या क्रियेतून जो चुना सुटतो, त्याच्याशी या राखेचा संयोग होऊन नवा बांधक पदार्थ तयार होतो आणि पोकळ्या भरत जातात. पावसाळी मुलखाला हे सिमेंट सोयीचे. मात्र ते सावकाश ताकद धरते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओले ठेवा असे संहिता म्हणते. मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि चौदा दिवस पाणी मारले तर उत्तम. सेंटरिंग काढण्याचे संहितेतले दिवसही साध्या सिमेंटसाठीचे आहेत. पी.पी.सी.चा स्लॅब त्याच हिशेबाने लवकर मोकळा केला आणि तो वाकला, तर दोष सिमेंटचा कसा?

राखेची खरी करामत पाहायची तर घाटघरला पाहावी. सह्याद्रीच्या कड्यावरच्या या २५० मेगावॅटच्या वीज प्रकल्पासाठी बांधलेली धरणे ही रोलरने दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणे. रस्ता करतात तसे कोरडसर काँक्रीट थरावर थर पसरून रोलरने दाबले. त्यात राख सिमेंटपेक्षा जास्त होती. मोठ्या धरणात सिमेंटच्या उष्णतेने तडे जाण्याची भीती असते; राखेने ती उष्णता आटोक्यात राहते.

आता सुरखीकडे येऊ. सिमेंटचा क्लिंकर बनवायला चुनखडी सुमारे १४५० अंशांना भाजावी लागते. तेव्हा इंधनाचा धूर निघतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या वाट्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्याकडच्या आय.आय.टी.तल्या संशोधकांनी मिळून एलसी-थ्री नावाचे सिमेंट विकसित केले. त्यात क्लिंकर निम्माच. सुमारे तीस टक्के असते भाजलेली केओलिनयुक्त माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि बाकी जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांना भाजली की पुरते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. २०२३ साली या सिमेंटचे भारतीय मानकही आले. भाजलेली माती आणि चुना, म्हणजे आपल्या आजोबांच्या सुरखीचेच नाते प्रयोगशाळेत नव्याने जुळले.

सिमेंट कोणतेही आले तरी बादली गवंड्याच्याच हातात राहणार आहे. ठेकेदार मित्रांनो, साइटवर लिटरच्या खुणा केलेली एक बादली ठेवा. प्रत्येक स्लॅबच्या वेळी १५० मिलिमीटरचे क्यूब भरा आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासून घ्या. आणि गवंड्याला 'पाणी कमी घाल' असा नुसता हुकूम देऊ नका, कारणही सांगा. ज्याला पोकळीची गोष्ट कळली, तो माल पातळ करताना दोनदा विचार करील. घर बांधणाऱ्याच्या आयुष्यात स्लॅब बहुधा एकदाच पडतो. तो पत्र्याविना पाऊस झेलत उभा राहावा, एवढे मागण्याचा त्याला हक्क आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)